झाकणांचा पाट: तळ्यात-मळ्यातच्या नोंदी

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गोळा झालेल्या बाटल्यांच्या झाकणांचा बसायचा पाट करायचा, एवढंच काम होतं. गणपती झाल्यावर हात घातला आणि जानेवारी उजाडला. यातला वितळवायचा भाग सोपा निघाला, जीव घेतला तो निवडण्याने. कुठलं प्लास्टिक पाण्यावर राहतं आणि कुठलं तळाला जातं, यातच दोन महिने गेले. वही स्वतःसाठी ठेवली होती. शेजारच्या सोसायटीतून विचारणा झाली म्हणून नीट उतरवून काढली. खर्च जिथे झाला तिथेच लिहिलाय. शेवटी बेरीज करायची म्हटलं की दोन-चार आकडे हळूच गळतात, हा माझ्या नोकरीतला अनुभव. मी अकाउंट्सवाली आहे, प्लास्टिकवाली नाही.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिला पाट फुटला.

काल गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या जुन्या ओव्हनमध्ये २८ बाय २८ सेंटिमीटरच्या ट्रेत झाकणं भरून १८० अंशांवर दोन तास ठेवली होती. वरून पत्र्याची प्लेट आणि तिच्यावर विटा. बाहेर आला तेव्हा दिसायला सुरेख, अगदी मोझेक फरशी. आज चिरंजीव त्यावर उभे राहिले आणि कडकन आवाज आला.

तुटलेल्या कडेत पांढरे दुधी तुकडे रुतलेले दिसतात, भातातल्या खड्यांसारखे. हे बाटल्यांच्या गळ्यांचे. बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पेट (PET). ते २५० अंशांच्या आसपास वितळतं, १८० ला ते नुसतं पारदर्शकाचं पांढरं होतं आणि बसून राहतं. शिवाय एका बाजूने पाट खारीसारखा पापुद्र्यांनी सुटतोय. ते का, अजून कळलेलं नाही.

चूक माझी. पेटीवर मी 'झाकणं' लिहिलं होतं, लोकांनी तिच्यात चमचे, गोळ्यांची पाकिटं, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, सगळं टाकलं. मी न बघता भरलं. (ओव्हन आता पुन्हा खाण्यासाठी वापरायचा नाही. आणि हे काम घरात करू नका, वास डोक्यात जातो.)

१३ नोव्हेंबर

काका म्हणाले, "अगं, बादलीत टाक की सगळं. झाकणांचं प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं, पेट जड. आपोआप वेगळं होईल."

टाकलं. सगळंच तरंगलं.

झाकण म्हणजे छोटी वाटी. उपडं पडलं तरी पोटात हवा, उताणं पडलं तर होडीच. गोळ्यांच्या पाकिटाच्या फुगवट्यात हवा. बाटलीचा गळा आडवा पडून डुलत होता. चिरंजीवांनी लगेच स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणून बादलीत सोडली, तीही तरंगली. "म्हणजे स्टील पाण्याहून हलकं?" वाटी बोटाने कलती केली, पाणी आत गेलं आणि टण्ण. वाटी म्हणजे स्टील अधिक आतली हवा. दोन्ही मिळून जेवढं पाणी बाजूला सारलं जाऊ शकतं त्याहून वजन कमी, तोवर ती वर राहते. आम्हाला स्टील तपासायचंय, वाटी नाही. म्हणून आकार मोडायला हवा, म्हणजे तुकडे करायला हवेत.

कात्रीने करून पाहिलं. अर्ध्या तासात ४० झाकणं आणि अंगठ्याला फोड. सोडलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नऱ्ह्यात प्लास्टिक दळून देणाऱ्या एका ग्राइंडरवाल्याकडे गेले. किमान २० किलो लागतं म्हणाला, माझे ११ किलो. शेवटी २५० रुपयांत करून दिलं. रिक्षा जाऊन-येऊन ४१०. म्हणजे दळण्यापेक्षा जाणं महाग. पुढच्या वेळी दोन-तीन सोसायट्यांचा माल एकत्र न्यावा.

घरी येऊन पोतं उघडलं तर आत हिरवे पारदर्शक तुकडे. आमच्याकडे एकही हिरवी बाटली नव्हती. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल मशीनच्या पात्यांत अडकून राहिला होता, तो माझ्यात आला. भांडायला गेले नाही, मीच विचारायला हवं होतं. तुम्ही जाल तेव्हा समोर मशीन उघडून हवेने झाडून घ्यायला सांगा आणि तरीही आपला पहिला किलोभर वेगळा ठेवा.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी जुना बाजार. निळा २०० लिटरचा ड्रम ७०० रुपयांना. आत आधी काय होतं हे विचारलं. फिनेल म्हणाला. तीनदा धुतला तरी गच्चीवर दवाखान्याचा वास आहे. रसायनाचा ड्रम असेल आणि विकणारा नीट सांगत नसेल तर घेऊ नका.

काकांनी कटरने ड्रम उभा चिरून दोन हौद केले. कापताना निळा भुसा उडाला, तो धुताना पाण्यावर पसरला आणि काही केल्या बुडेना. ड्रमवर खाली, प्लास्टिकचा प्रकार सांगणाऱ्या त्रिकोणात २ आहे, म्हणजे एचडीपीई (पॉलिथिनचाच एक प्रकार). पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बहुतेक त्याचीच. पहिला नमुना फुकटात मिळाला.

दुपारी बोहरी आळीतून दोन मोठ्या चाळण्या (एक लोखंडी १८०, एक स्टीलची ४२०). लोखंडी स्वस्त म्हणून घेतली. पुढे वाचा.

एका हौदाला चिरंजीवांनी 'तळ्यात' आणि दुसऱ्याला 'मळ्यात' असं खडूने लिहिलंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो आणि बोटाला शाई घेऊन कामाला लागलो.

साध्या पाण्यात दोन किलो चुरा टाकून काठीने ढवळला. पाच मिनिटांत तळाशी थर दिसायला लागला, वर रंगीत साय. मन हरखलं. वरचा माल चाळणीने काढून वर्तमानपत्रावर पसरला तर त्यात हिरवे तुकडे जसेच्या तसे. पेट १.३८, म्हणजे १ मिलिलिटर जागेत १.३८ ग्रॅम. त्याने पाण्यावर राहायचं काही कारण नाही.

एक हिरवा तुकडा काचेच्या ग्लासात सोडून डोळा लावून बघितलं. करंगळीच्या नखाएवढा तुकडा पाण्याच्या वरच्या पातळीत चटईसारखा पडला होता. त्याच्याखाली पाणी किंचित खोलगट झालेलं, आणि कापलेल्या खरबरीत कडेला मोहरीहून बारीक बुडबुडे ओळीने चिकटलेले. सुईने एका टोकाला टोचलं. तो खाली गेला, अर्ध्यात थबकला आणि परत वर आला. बुडबुडे तसेच होते. मग सुईने कड खरवडली. तीन-चार बुडबुडे सुटून वर गेले आणि तुकडा एकदाचा, वाळलेल्या पानासारखा डावी-उजवी करत, तळाला टेकला.

म्हणजे तुकडा तरंगत नव्हता, त्याला बुडबुड्यांनी धरून ठेवलं होतं. आजचे चार तास गेले.

२३ नोव्हेंबर

उपाय: भांडी घासायचं लिक्विड. साबणाने पाण्याचा वरचा ताण कमी होतो, तुकडे नीट भिजतात, बुडबुडे धरत नाहीत. हे मला वाचून कळलं नाही, अहो आईंनी सांगितलं. "तेलकट डबा नुसत्या पाण्यात कधी भिजतो का?"

पहिल्या खेपेला मी दोन झाकणं भरून लिक्विड ओतलं. ढवळल्यावर हौदावर वीतभर फेस, आणि फेसात अडकलेलं अर्धं प्लास्टिक. फेस बसायची वाट बघण्यात दुपार गेली. दुसऱ्या खेपेला १०० लिटरला एक चहाचा चमचा, तोही आधी मगभर पाण्यात विरघळवून. पुरलं.

जी पद्धत बसली ती अशी: चुरा कोरडा टाकायचा नाही. आधी बादलीत साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा. सकाळी हाताने चोळायचा, मूग चोळून सालं काढतो तसा. मगच हौदात, आणि एका वेळी किलोभरच. जास्त टाकला की बुडणारा माल तरंगणाऱ्याच्या गादीवर आरामात झोपतो. ढवळून दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग वरचं काढून पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यात.

११ किलोतून वर आलेला माल ७ किलो ८००. बुडालेला २ किलो ६००. उरलेला हिशेब म्हणजे माती, कागदी लेबलं, गोंद आणि हौदाबाहेर सांडलेलं.

पाणी सोडताना जाळीवर जुना पंचा बांधा. पहिल्या दिवशी मी तसंच सोडलं आणि सगळा रंगीत भुगा गच्चीच्या नाळीत गेला. तो नदीत जाणार, दुसरं काय. पंच्यावर दर वेळी मूठभर तरी साठतो.

१ डिसेंबर, रविवार

बुडालेल्या मालाचा पाटाशी काही संबंध नाही. पण कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, नुसतं पेट असलं तर भाव आहे. हे भेसळ कोण घेणार?" त्यांनी मूठभर उचलून एकेक तुकडा वाकवून बघितला. वाकतो तो इकडे, कटकन मोडून मोडल्या जागी पांढरा पडतो तो तिकडे. डोळे दुसरीकडेच होते, बोटं निवडत होती. मोडणारे बरेचसे चमचे आणि पेल्यांचे, म्हणजे पॉलिस्टायरीन. प्लास्टिकच्या चमच्यांना जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आमच्या पेटीला ते कोणी सांगितलेलं नसावं.

पॉलिस्टायरीन १.०५. साध्या पाण्यात बुडतं, पण जेमतेम. गंमत म्हणजे थर्माकोल हाच माल, फक्त फुगवलेला, जवळजवळ सगळी हवाच. तोच पदार्थ चमचा झाला की तळाला, थर्माकोल झाला की वर. मग पाणीच थोडं जड केलं तर? मीठ.

५० लिटर पाणी, खडे मीठ २५ किलोची गोणी ३२० रुपये. किती घालायचं हे मोजायला काकांनी बॅटरीवाल्याकडचा हायड्रोमीटर आणायला सांगितला, १५० रुपये. काचेच्या नळीत तरंगणारी कांडी असते ना, तो. कल्पना झकास. पण त्याच्यावरचे आकडे ११०० (म्हणजे १.१) पासून सुरू होतात, कारण बॅटरीचं आम्लपाणी तेवढं जड असतंच. माझ्या पाण्यात कांडी तळाला बसून राहिली. तीन किलो, बसलेली. पाच किलो, बसलेली. मी आपली मीठ ओततेय. नऊ किलोला एकदाची उठली.

तोवर चिरंजीवांनी साध्या पद्धतीने उत्तर काढलं होतं. स्वयंपाकाच्या काट्यावर रिकामं मापाचं भांडं ठेवून शून्य करायचं, बरोबर १०० मिलिलिटर मिठाचं पाणी ओतायचं. सहा किलो मिठाला १०७ ग्रॅम भरलं, म्हणजे १.०७. त्यालाच चमच्यांचे तुकडे वर यायला लागले होते. पुढचं तीन किलो मीठ आणि हायड्रोमीटरचे १५० माझ्या हट्टाचे.

मिठाचं पाणी गढूळ होतं, कारण खड्यांत माती असते. रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ घ्यावं. मिठाने पेट वर येत नाही, कितीही घाला. पाण्यात मीठ जास्तीत जास्त विरघळलं तरी १.२ च्या पुढे जात नाही आणि पेट १.३८ आहे. गोळ्यांच्या पाकिटांचं प्लास्टिक, पीव्हीसी, तेही तसंच तळाला राहतं, पेटच्या शेजारी. या दोघांना पाण्याने सोडवता येत नाही, तेव्हा गोळ्यांची पाकिटं आधीच हाताने काढा.

५ डिसेंबर

दोन बातम्या. लोखंडी चाळणी तीन दिवसांत तांबडी झाली, जाळी हाताने तुटते. १८० रुपये गेले.

दुसरी वाईट. मी नसताना कोणीतरी (घरातलंच, नाव लिहीत नाही, आज स्वयंपाक त्यानेच केलाय) मिठाचं पाणी 'साबणाचं असेल' म्हणून खालच्या कढीपत्त्याच्या आळ्यात ओतलं. सेक्रेटरींनी खालून हाक मारली. चार दिवस रोज बादल्या ओतून माती धुतोय. खालची पानं पिवळी पडून गळली, शेंडा अजून हिरवा आहे. हौदावर आता लाल रंगात 'मीठ' लिहिलंय. उरलेलं पाणी झाकून ठेवलं की पुन:पुन्हा वापरता येतं, ओतायची गरजच नाही.

८ डिसेंबर, रविवार

खुर्चीचं कोडं. सोसायटीच्या हॉलमधली मोडकी प्लास्टिकची खुर्ची काकांनी दिली. खाली त्रिकोणात ५, म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन). नेहमीच्या प्लास्टिकांत पीपी सगळ्यांत हलकं, ०.९ च्या आसपास. घरच्या डब्याचं झाकणही ५ आणि ते मस्त तरंगतं. खुर्चीचा तुकडा मात्र दगडासारखा तळाला. साबण लावून झाला, बुडबुडे नाहीत, पोकळी नाही.

मग घनता काढायला बसलो. ही युक्ती सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. आधी वस्तूचं कोरडं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला डबा ठेवून काटा शून्य करायचा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरायची. काटा जो आकडा दाखवतो तेवढे मिलिलिटर तिचं आकारमान. तरंगणारी असेल तर सुईने खाली दाबायची, बोट पाण्यात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर बोटाचंही माप येतं. मग वजन भागिले तो आकडा.

डब्याचं झाकण ४६ ग्रॅम, काटा ५१: ०.९०. खुर्चीचा तुकडा ७३ ग्रॅम, काटा ७०: १.०४. स्टीलचा डाव ८७ ग्रॅम, काटा ११, म्हणजे ७.९. देवघरातलं शिसवी चौरंगाचं तुटलेलं पाऊल ०.८३, आणि ते पाण्यात एवढं खोल बसलं की बुडालं असंच वाटलं. मेणबत्ती ०.९. त्या संध्याकाळी घरात एकही वस्तू कोरडी राहिली नाही. कांदा, लिंबू, साबणाची वडी, खोडरबर. अहो आईंनी जपमाळ मात्र दिली नाही.

खुर्चीचं उत्तर नऱ्ह्याच्या ग्राइंडरवाल्याने फोनवर एका वाक्यात दिलं: "मॅडम, खुर्चीत चुनखडीची पावडर असते, स्वस्त पडते." चुनखडी २.७. वजनाने पाचवा हिस्सा घातली तर पीपी बरोबर १.०४ च्या जवळ जातं. कागदावर मांडून बघितलं, जुळलं. तेव्हा त्रिकोणातला आकडा माल कुठला ते सांगतो, त्यात काय मिसळलंय ते सांगत नाही. खुर्च्या, स्वस्त टोपल्या पाटात घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर वेगळ्या.

१५ डिसेंबर, रविवार

खारीचा उलगडा. वर आलेल्या मालात एचडीपीई आणि पीपी दोन्ही आहेत. दोन्ही पाण्याहून हलके, पण एकमेकांत मिसळत नाहीत. थंड झाल्यावर थर सुटतात. एक ०.९५, दुसरं ०.९०. म्हणजे या दोघांच्या मधलं काहीतरी पातळ हवं. खोबरेल तेल! ०.९२. पीपी वर, एचडीपीई खाली.

एक लिटर खोबरेल, २६० रुपये. शनिवारी रात्री बरणीत ओतून, पाच तऱ्हेच्या झाकणांचे तुकडे पुसून, कोरडे करून, चिमट्याने आत सोडले आणि झोपले. सकाळी सहाला गच्चीत गेले तर बरणीत पांढरा दगड. पाचही तुकडे बर्फीतल्या पिस्त्यासारखे जिथल्या तिथे.

पुण्यात डिसेंबरात खोबरेल थिजतं हे लहानपणापासून माहीत आहे. बाटली उन्हात ठेवून वेणीला तेल लावलेलंय. तरी डोक्यात आलं नाही. अहो आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

मग शेंगदाण्याचं तेल. साधारण तेवढंच हलकं, आणि आपल्या थंडीत गोठत नाही. त्यात मात्र धीर लागतो. तेल दाट, फरक थोडका. तुकडा सोडला की तो विचार करत बसतो. एचडीपीईचा तुकडा बोटभर खाली जायला पाऊण मिनिट. पीपीचा तळाशी नेऊन सोडला तर रांगत वर येतो. दोन-तीन मिनिटं थांबा. तुकडा ओला असेल तर पाण्याचा थेंब त्याला खाली ओढतो आणि निकाल उलटा येतो. माझे पहिले दोन निकाल असेच चुकले.

किलोंनी माल असा वेगळा करायचा नाही, हे सांगायला नकोच. तेल धुण्यातच वर्ष जाईल. त्याऐवजी प्रत्येक तऱ्हेच्या झाकणातला एकेक तुकडा तेलात तपासला आणि भिंतीवर तक्ता लावला: हे निळं गुळगुळीत एचडीपीई, हे पांढरं आत पातळ चकती असलेलं पीपी, असा. पुढची झाकणं दळण्याआधीच हाताने दोन डब्यांत जातात. मुलांना हे फार आवडतं, तासाला चारशे-पाचशे निवडतात. दळलेल्या ७ किलो ८०० चा मात्र आता उपाय नाही. तो पोत्यात पडून आहे, कुंड्यांखालच्या ताटल्या करू.

म्हणजे खरं काम जे व्हायला हवं होतं ते दळायच्या आधी. मी आधी दळलं, मग निवडलं. ६६० रुपये आणि महिना.

२२ डिसेंबर

नव्याने गोळा झालेली, तक्त्याप्रमाणे निवडलेली, फक्त एचडीपीई. पाण्याच्या बाटलीचं झाकण दीड-दोन ग्रॅमचं, एका पाटाला साधारण ८०० लागतात. या वेळी दळलीच नाहीत. हाताने निवडल्यावर गरज उरत नाही, ओव्हनमध्ये ती तशीच वितळतात. धुवून, दोन दिवस उन्हात वाळवून घेतली. ओली राहिली तर वाफेचे फुगे धरतात.

१८० अंश, तीन तास. दर अर्ध्या तासाने विटा काढून नवा माल भरायचा, कारण झाकणं वितळून निम्म्याहून खाली बसतात. मग ओव्हन बंद करून लाकडाच्या दोन फळ्या आणि चार शिकंजे (क्लॅम्प) लावून रात्रभर. गरम असताना काढलात तर केळीच्या पानासारखा वाकतो. तो प्रयोगही करून झालाय, २१ तारखेला.

२९ डिसेंबर, रविवार

पाट झाला. २ सेंटिमीटर जाड. काका उभे राहिले, मी उभी राहिले, फुटला नाही. कडेने खारी सुटत नाही.

चिरंजीव म्हणाले, तळ्यात टाकून बघू. टाकला. तरंगला, अर्थातच. पण काका पट्टी घेऊन वाकले. एचडीपीई ०.९५ असेल तर २० मिलिमीटर जाडीतला १९ पाण्याखाली हवा, फक्त १ वर. आमचा ३ वर होता. "अगं, म्हणजे याच्या पोटात हवा आहे," काका म्हणाले. ३ वर म्हणजे एकूण घनता ०.८५. दहावा हिस्सा पोकळ. मला वाटलं काका उगाच. मधून कापून बघितला. वाटाण्याएवढी भोकं, मधोमध, ओळीने. झाकणांच्या पोटातली हवा, १३ नोव्हेंबरची तीच.

फुटला नाही म्हणून देऊन टाकला असता तर कोणाच्या तरी घरी सहा महिन्यांनी बसता बसता मोडला असता.

५ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा नवा पाट. झाकणं भरण्याआधी हातोडीने चेपली. खालच्या मजल्यावरच्यांनी दुपारी दोनला तक्रार केली, रास्त आहे. वेळ तीनऐवजी चार तास, विटा सहाऐवजी दहा, आणि शिकंजे दर दहा मिनिटांनी थोडे थोडे आवळत गेलो. एकदम आवळले तर हवा आत कोंडते.

वजन १ किलो ४७० ग्रॅम. तळ्यात सोडला. पाणी स्थिर होईपर्यंत थांबलो. चारी कोपऱ्यांना पट्टी लावली: दीड, एक, एक, दीड.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तो कापायचा नाही असं ठरलं. अहो आई सध्या त्यावर बसून पालेभाजी निवडतात, आणि थोडा गार लागतो म्हणून वर बस्कर घालतात.